पार्बताबाईची शिडी

अमरावतीच्या परकोटाच्या आत, कापसाच्या शेठांच्या माड्या होत्या त्या गल्लीत, झुंजुमुंजू झालं की एक बाई शिडीवर दिसायची. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, कमरेला दोन फडकी आणि शिडीच्या पायरीला आकड्याने अडकवलेला पाण्याचा गडवा. ती पार्बताबाई. माहेर अकोल्याकडचं, सासर भातकुलीचं, घराणं माळ्याचं. धंदा मात्र असा की तिच्या आईला तो शेवटपर्यंत कळला नाही. "काचा पुसतो म्हणते, म्हंजे करते काय?" म्हातारी विचारायची. "काच काय जेवाचं ताट हाय, रोज घासाले?"

म्हातारीचं तरी काय चुकलं म्हणा! तोवर वऱ्हाडात खिडकी म्हणजे लाकडाची झडप. उघडली की उजेड, लावली की अंधार, संपलं. पण साता समुद्रापलीकडे अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि सगळ्या जगाला एकाएकी वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. शेठांच्या घरी पैसा असा आला की ठेवायला जागा नाही. पैसा मावेनासा झाला की माणूस भिंती उंच करतो. एकाने माडीला तावदानं बसवली, मग शेजारच्याला झोप येईना. मुंबईहून गवतात गुंडाळलेल्या काचा बैलबंड्यांतून निघायच्या, बऱ्याचशा वाटेतच फुटायच्या, उरलेल्या मोठ्या थाटाने भिंतीत बसायच्या. आणि बसल्या की आठवड्यात आंधळ्या व्हायच्या. गल्लीतून दिवसभर कापसाच्या बंड्या. खाली धूळ, वर उडणारे कापसाचे तंतू, आणि दोन्ही मिळून काचेवर साय धरायची. घरचे गडी भांड्यांसारखी राख लावून काच घासायचे, की झाले ओरखडे!

या धंद्याची कल्पना पार्बताबाईच्या नवऱ्याची, नत्थुजीची. माणूस गोड जिभेचा, कल्पनांचा तर कारखाना. एकदा कोणाच्या तरी बंडीवर कापूस घेऊन अकोल्याला गेला, तिथे एका साहेबाच्या बंगल्यावर एक माणूस खिडक्यांच्या काचा पुसताना पाहिला, आणि परत आला तो नाचतच. "ना वावर, ना बैल, ना कोनी मालक! आपून काचा पुसू." भावाच्या भाजीच्या मळ्यात दोघं राबत होती, आणि जाऊबाई भाकरी वाढताना तोंड फिरवत होती. पार्बताबाईने लगेच बोचकं बांधलं. अमरावतीत येऊन नत्थुजीने चांगल्या बांबूंची लांब शिडी करून घेतली आणि गोड बोलून दोन-चार माड्या मिळवल्या.

काम मात्र काय सांगावं! हा माणूस वर जाई, एक काच पुसे, खाली येई, फडकं धुई, येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोले, तंबाखू मळे, शिडीकडे एकदा बघे, मग पुन्हा वर. एका माडीला दिवस मावळायचा. पार्बताबाई खाली पाणी धरून उभी. "एका काचेले इतल्या चकरा कायले जी?" ती विचारायची. "काम नाजूक हाय वं," असं तो गंभीरपणे सांगायचा. ती मनात म्हणायची, आळशी आहे मेला. पण तोंडाने बोलत नसे, कारण पोटाला मिळत होतं आणि जाऊबाईचं तोंड बघावं लागत नव्हतं.

पावसाळा सरता सरता नत्थुजी शिडीवरून पडला. पडला तोही कुठून? खालच्या दुसऱ्या पायरीवरून. एवढ्या उंचीवरून पोरंसोरं खेळताना उड्या मारतात. नत्थुजीचा पाय मोडला. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, दसऱ्यापर्यंत चालायला लागेल.

दसऱ्यापर्यंत खायचं काय? दुसऱ्या दिवशी पार्बताबाईने काष्टा खोचला आणि शिडी उचलली. पहिल्या पायरीवर तिने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली हे खरं. पण वर पोचली, आणि गार वारा तोंडावर आला. कवेलूंची छपरं खाली, परकोटापलीकडे भातकुलीच्या वाटेने येणाऱ्या बंड्यांची रांग, देवळाचा कळस डोळ्यांच्या रेषेत. जन्मभर तिने जमिनीवरून वाकूनच जग पाहिलं होतं, निंदणात नाहीतर चुलीपाशी. तिला हसूच आलं. आपल्याला हे इतकं आवडावं याची तिला थोडी लाजही वाटली.

ज्यांच्या सगळ्यांत मोठ्या माडीवर तिचं पोट होतं, ते शेठजी मात्र नाराज झाले. बाई वर उभी असताना तिच्याखालून पुरुष जायचे नाहीत. गिऱ्हाईक दुकानात शिरेल कसं? त्यांनी अट घातली, "दुकान उघडेपर्यंत शिडी उचललेली पाहिजे. खाली गादी मांडली की तू वर दिसायची नाही."

म्हणजे नवऱ्याला जिथे दिवस लागे, तिथे तिला फक्त सकाळ. गरज पडली की डोकं चालतं. तिने पाहिलं की कापसाची साय ओली केली तर तिची खळ होते, म्हणून आधी कोरड्या फडक्याने ती झाडून घ्यायची. मग रिठ्याच्या पाण्याचा हात, मग साध्या पाण्याचा, आणि शेवटी जुन्या धोतराचं मऊ फडकं. सगळं वरून खाली, म्हणजे वरचे ओघळ खालच्या पुसलेल्या काचेवर यायचे नाहीत. ज्या काचांवर ऊन आधी येणार त्या आधी, कारण उन्हात पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि डाग राहतात. गडवा शिडीला टांगला, म्हणजे खाली उतरणं नाही. शिडी एकदा लावली की हात डावीउजवीकडे पोचेल तेवढं सगळं उरकायचं, मगच ती हलवायची. आणि जो बोलावेल त्याच्याकडे धावणं बंद. गल्लीच्या एका टोकापासून ओळीने घरं. रागावले दोघे-तिघे, पण काचा चमकल्यावर गप्प झाले.

त्यात आणखी एक झालं. माड्यांच्या मागच्या खिडक्या बायकांच्या बाजूच्या, तिथे नत्थुजीला कधी पाऊल टाकता आलं नव्हतं. पार्बताबाईला कोण अडवणार? दुकानं उघडली की ती मागच्या अंगणात. शेठाणी तिला आतून ताक द्यायची आणि म्हणायची, तू आल्यापासून मला बाहेरची कडुनिंबाची झाडं दिसतात. घरं वाढली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं.

आणि इथेच तिच्या जिवाला घोर लागला.

सूर्य डोक्यावर यायच्या आत तिचं सगळं आटपायचं, पण घरी जायची सोय नव्हती. नवरा खाटेवर पडलेला. आपण दिवसभर घाम गाळून एक माडी करत होतो आणि ही बाई दुपारच्या आत गल्ली साफ करते, हे कळलं तर त्याला काय वाटेल? म्हणून ती बाजारात ओळखीच्या सुभद्राच्या भाजीच्या दुकानावर बसून राही, तिच्या मेथीच्या जुड्या बांधून देई आणि दिवस कलला की थकल्यासारखं तोंड करून घरी जाई. "लय काम झालं का वं?" नत्थुजी विचारी. "झालं कसंतरी," असं ती सांगे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याहून वाईट म्हणजे अंबादेवीपुढे उभं राहणं. नवऱ्याचा पाय बरा होऊ दे, असा नवस तिने मनापासून केला होता. पण तो बरा झाला की शिडी त्याची. मग पुन्हा ती खाली पाणी धरून, पुन्हा दिवसाला एक माडी, घरं जातील, आणि शेवटी पुन्हा भातकुली, पुन्हा जाऊबाई. हात जोडले की तिच्या मनात यायचं, "माय, आयक, पण दमानं आयक." असं मनात आलं की ती स्वतःवरच चिडायची. नवऱ्याचं दुखणं लांबावं असं मागणारी बायको कसली? दसरा आला नि गेला. नत्थुजी अजून काठी टेकत, कण्हत, अंगणापर्यंतच जायचा. तिला वाईट वाटे, आणि सुटल्यासारखंही वाटे, आणि त्या सुटल्यासारख्या वाटण्याचं पुन्हा वाईट वाटे.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी ती शिडी उचलत असताना शेठजींनी हाक मारली.

"पार्बता, नत्थू का पाँव अब तक ठीक नहीं? लोक मला बोलतात, मरद घर में और बाई ऊपर. कल से कामावर मरद पाहिजे. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

 शेठजींची माडी गेली की बाकीची घरंही जाणार. गल्ली शेठजींच्या तोंडाकडे बघून चालायची. मागच्या खिडक्या तशाच टाकून, सुभद्राच्या दुकानाकडे न वळता ती तडक घराकडे निघाली. किती तरी दिवसांनी ती सकाळी घरी जात होती.

वळणावर विहीर होती, आणि विहिरीवरून एक माणूस येत होता. डोक्यावर भरलेली घागर, हातात काठी नाही, काही नाही, तोंडाने गुणगुणत, ताठ, झपाझप. पार्बताबाईने डोळे चोळले. नत्थुजी!

त्याने तिला पाहिलं आणि त्याच क्षणी लंगडायला सुरुवात केली.

"राहू द्या आता!" ती ओरडली. "कवापासून चालून राहिले तुमी?"

नत्थुजीने घागर खाली ठेवली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "दसऱ्याच्या आधीपासून," तो हळूच म्हणाला.

"अन् मी तिकडे देवीपुढे नाक घासून राहिली! लोकं मले बोलून राहिले! शेठ म्हणते उद्यापासून मरद पायजे. घ्या मंग, उद्या तुमीच चढा!"

तिला वाटलं होतं तो वरमेल, नाहीतर उलटा भांडेल. पण त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. विहिरीच्या काठावर तो बसलाच. "नाई वं," तो म्हणाला. "मले भेव लागते."

"कायचं?"

"वरचं. शिडीचं. पहिल्या दिवसापासून. तिसऱ्या पायरीवर गेलो का डोयापुढे अंधारी येते. म्हणून तं दर काचेले खाली येत होतो. जरा जमिनीवर उभं राह्यलो का जीवात जीव येये. त्या दिवशी बी भोवयच आली."

 आळशी, आळशी म्हणून मनात ज्याला नावं ठेवली, तो माणूस रोज इतक्या वेळा जीव मुठीत धरून वर जात होता. "मंग शिडीचा धंदा काढला कायले, बावा?"

"अकोल्याले त्या माणसाले काचा पुसताना पायलं होतं ना," नत्थुजी रडवेला होऊन म्हणाला. "तो बंगला एकमजली होता वं! तो जमिनीवर उभा राहून पुसत होता. इथल्या लोकाईनं माड्या बांधल्या, त्याले मी काय करू? अन् तुले भावाच्या घरून काढून आनलं होतं. आता कोन्या तोंडानं सांगू?"

ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाजूला केला होता. मग तिनेही सगळं सांगून टाकलं: दुपारच्या आत काम संपतं ते, सुभद्राच्या मेथीच्या जुड्या, आणि देवीला दमानं ऐक म्हणाली तेही. "मले वाटे, तुमी बरे झाले का माही शिडी जाईन."

"तुहीच हाय ते," तो घाईघाईने म्हणाला. "घे, बाई, घे! मले नको." त्याचाही जीव भांड्यात पडला होता, इतका, की घागर तिथेच विसरून तो दोन पावलं पुढे गेला. मग आठवण आली तसा मागे फिरला आणि ती उचलून आणली.

पण शेठजी होतेच. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं गल्लीत गेली. शिडी नत्थुजीने वाहून आणली, भिंतीला लावली, पाय रोवून दोन्ही हातांनी धरली, आणि पार्बताबाई वर गेली. आज शेठजी मुद्दाम लवकर खाली आले होते. पाठीमागे मुनीम, दोन हमाल, आणि गंमत बघायला शेजारचा दुकानदारही.

"क्यों रे नत्थू," शेठजी म्हणाले, "पाँव तो ठीक दिसतो. मग बायको वर आणि तू खाली?"

वर पार्बताबाईचा हात थांबला. आता हा काहीतरी थाप मारणार, पाय अजून दुखतो म्हणणार, आणि दोन दिवसांत पितळ उघडं पडणार. बोलण्यात त्याचा हात कोण धरील!

"मले भेव लागते जी," नत्थुजी सगळ्यांदेखत म्हणाला. "तिले नाई लागत. अन् काम माह्यापेक्षा लय चांगलं करते. मी धरतो, ते पुसते."

कोणीतरी फिस्सकन हसलं. शेठजी मात्र हसले नाहीत. अंगाने भरभक्कम माणूस, पगडी सावरत त्यांनी आपल्याच माडीकडे वरपर्यंत पाहिलं आणि झटकन मान खाली घेतली. मग मुनीमाला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते नत्थुजीजवळ वाकले.

"मी पण गच्चीवर जात नाही रे," ते म्हणाले. "बांधली, पण एकदाही गेलो नाही." मग ताठ होऊन मोठ्याने, "मरद मांगा था, मरद आ गया. ऊपर कौन, नीचे कौन, ती तुमच्या घरची बात. पण दुकान उघडायच्या आत उरका!"

पार्बताबाईने वरून सगळं ऐकलं. शेठजींचं कुजबुजणंही ऐकलं, कारण शिडीवर आवाज छान पोचतो. तिला नवऱ्याचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि पुढेही तो त्या सकाळीइतका क्वचितच वाटला. तिने फडकं झटकलं आणि काचेला हात घातला.

लढाई थांबली, कापसाचा भाव उतरला, काही शेठ बुडाले आणि काही तगले; काचा मात्र सगळ्यांच्याच मळत राहिल्या. ती दोघं म्हातारी होईपर्यंत गल्लीत पहाटे दिसायची. नवीन कोणी येऊन नत्थुजीला विचारी, "काचेच्या कामाचा मालक कोन हाय जी?" नत्थुजी शिडी एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने वर बोट दाखवी. मान मात्र खालीच.