पाण्याखालच्या माहेरी

दिनांक १२ नोव्हेंबर २०२४ रोजी लालीबाई राठोड हिने उमरखेडच्या प्रौढ संगणक वर्गाची एकशे पन्नास रुपये फी भरली. या वयात शिकून काय करणार, असं सुनेनं विचारलं, तेव्हा ती नुसती हसली. तिचं माहेर, नदीकाठचा तांडा, धरणाच्या पाण्याखाली जाऊन चाळीसेक वर्षं झाली होती. तिकडची वाट तिच्या स्वप्नात येई. पण अलीकडे ती अर्ध्यावरच पुसट होऊ लागली होती. पुरती विसरण्याआधी तिला एकदा घरी जाऊन यायचं होतं.

नकाशाच्या धड्याला, वर्ग घेणाऱ्या उर्वशीनं पडद्यावर उपग्रहाचं चित्र उघडलं. "मावशी, गाव सांगा. एका झटक्यात पोचवते."

"थांब वं पोरी. अशी उडी मारून माहेरी कोणी जाते काय?"

लालीबाईनं माऊस हातात घेतला आणि बसस्टँडपासून बाण चालवत नेला, पायी जावं तसा. चढणीला तो मंदावला. शेतांचे हिरवे, तपकिरी तुकडे सावकाश मागे पडत गेले. एका जागी बाण थांबला.

"काहून थांबल्या?"

"बसली जराशी. इथं लिंब होता."

पुन्हा निघाली ती पाण्याच्या काठाशी येऊन अडली. पुढे सगळं निळं.

"जा न मावशी, माऊस भिजत नाही."

"डोंगा बोलावू काय?" शेजारच्या खुर्चीवरून देवीलाल टेलर म्हणाला.

"तू गप बस रे," लालीबाई म्हणाली. "तुले तं अजून माऊस पकडता येत नाही."

तिनं नकळत डाव्या हातानं लुगडं किंचित वर उचललं आणि ती पाण्यात उतरली. पडद्यावर एकसारखी निळाई होती. तिला मात्र तळातलं दिसत होतं: सेवाभायाचं देऊळ, तांड्याच्या नायकाचा ओटा, विहिरीवर बोलत उभ्या असलेल्या बाया. वाट आज कुठंच तुटली नाही.

"आलं. हे याडीचं घर."

उर्वशीनं तिथं लाल खूण केली. लालीबाईनं एकेक अक्षर शोधत आईचं नाव लिहिलं: हंसाबाई.

"हे कागदावर निघते काय?"

"निघते. रंगीत वीस रुपये."

निळा कागद बाहेर आला. ओला असल्यासारखा तिनं तो दोन्ही हातांनी धरला. बसचं भाडं बाजूला काढल्यावर तिच्याजवळ बारा रुपये उरत होते, ते तिनं दिले. आठ रुपये अजून द्यायचे आहेत.