आरशातली चांदणी

मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचा कारभार, असं आमच्या वस्तीत सगळे समजायचे. मीही समजायचे. आता लपवून काय करू? सातवीत शाळा सुटली, त्यानंतर जे शिकले ते भांडूनच. पाण्याच्या नळासाठी मी साहेबाच्या टेबलावर रिकामी घागर नेऊन आपटली होती. त्यामुळे शिंपिणीची मुलगी दारात येऊन म्हणाली, "ताई, अर्धा तास बसाल का? प्रॅक्टिकलसाठी सब्जेक्ट हवाय," तेव्हा माझा पारा चढला.

"सब्जेक्ट म्हणजे काय गं?"

"ज्याच्यावर प्रयोग करायचा, तो माणूस."

"मी काय उंदीर आहे? चल, नीघ."

ती निघाली. पुढच्या सात-आठ दारांनीही तिला हेच ऐकवलं. "आमचं डोकं ठिकाणावर आहे, तुझ्या आईचं तपास," असंसुद्धा एकजण म्हणाला. आणि खुद्द तिची आई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "लोक म्हणतील, शिंपीण पोरीकडून डोकं तपासून घेतेय."

आमचं हे 'नाही' शेवटी मामांना भोवलं. म्हणून मामांची गोष्ट मीच सांगायला हवी.

मामा म्हणजे तिच्या कॉलेजातल्या मानसशास्त्र विभागाचे शिपाई. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला एक लांबट खोली, तिच्यात हिरवं लोखंडी कपाट आणि कपाटाची किल्ली मामांच्या कमरेला. एकोणिसाव्या वर्षी ते व्हरांडा झाडायला लागले. एके दिवशी तेव्हाच्या सरांना प्रयोगाला माणूस मिळेना, म्हणून त्यांनी झाडूवाल्या पोरालाच आत बोलावलं. पुढ्यात आरसा उभा. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी, पण कागद नि हात पत्र्याखाली झाकलेले. आरशात बघून त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात वरचं खाली दिसतं, हात भलतीकडेच जातो. मामांना पहिल्या चांदणीला सात मिनिटं लागली. सदरा घामाने भिजला. "नांगरायला सोपं गेलं असतं," असं ते म्हणाले आणि सर हसून लोटपोट झाले.

तेव्हापासून चाळीस वर्षं ज्याला माणूस मिळत नाही, तो मामांकडे. विभागाच्या ग्रंथालयात प्रयोगाच्या पुस्तकाच्या तीनच प्रती, त्यातल्या एकीची मधली पानं गायब. म्हणून मामांनी जुन्या पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या, म्हणजे जर्नलं, खाकी कव्हर घालून जपून ठेवलेली. नेताना बजावायचे, "बघून समजून घ्यायचं. बघून उतरवलंस तर हात मोडीन." त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, चाचण्यांच्या पेट्या रंगावरून ओळखत. पण एखादी पोरगी सूचना घडाघडा पाठ म्हणायला लागली की थांबवत. "बाळा, समोर माणूस बसलाय, भिंत नाही. वाचून दाखव, मग विचार, समजलं का?" शेजारच्या खोलीवर 'समुपदेशक' अशी पाटी होती, पण समुपदेशक नव्हता. रडवेली पोरं मामांच्या स्टुलावर येऊन बसत. मामा काही विचारत नसत. प्रयोगाची वेळ मोजायची घड्याळं पुसत बसत.

घरी बायको टोमणे मारायची, "जगाची मनं मोजता, माझ्या मनातलं कधी कळलं का?"

"तुझ्या मापाचं यंत्र निघायचंय अजून."

असा माणूस. वावगं काम कधी केलं नव्हतं. केलं ते फक्त शिंपिणीच्या पोरीसाठी.

शेवटच्या वर्षाला तिला चार माणसं हवी होती, आरशाची चांदणी कधीच न काढलेली. प्रत्येकाच्या दहा फेऱ्या, वेळ मोजायचा, चुका मोजायच्या, आलेख काढायचा. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत जर्नलवर सही नाही, तर परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष गेलं तर पुढचं वर्ष नाही. तिच्या आईने दुसरं शिलाई मशीन आणून ठेवलंच होतं. सोमवारपर्यंत पोरीला एकही माणूस मिळाला नाही. ती स्टुलावर येऊन बसली. मामांनी घड्याळ पुसलं, परत पुसलं आणि म्हणाले, "लाव आरसा. चारही मीच होतो."

चार कागदांवर चार वयं लिहिली, चार धंदे लिहिले. मामांनी मुद्दाम चुका करायचा प्रयत्न केला. पहिल्या दोन फेऱ्या जमलं. मग हात ऐकेना. चाळीस वर्षांचा सराव तो, वाकडं जायचं म्हटलं तरी जाईना.

बुधवारी विभागाच्या आताच्या सरांनी चारही आलेख टेबलावर शेजारी शेजारी मांडले. नवखा माणूस पहिल्या फेरीत अडखळतो, मग हळूहळू शिकतो, वेळ कमी होत जातो. रेघ उतरत गेली पाहिजे. इथे चारही रेघा तिसऱ्या फेरीपासून टेबलासारख्या सपाट. आणि चौघांचीही पेन्सिल डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात जरा उचललेली. मामांचं मधलं बोट लहानपणी दारात चेमटलं होतं, तिथे ते वळत नसे. सरांनी आवाज चढवला नाही. "हा हात आख्ख्या कॉलेजात एकाचाच आहे," एवढंच म्हणाले.

पोरगी रडत वस्तीत आली. सही नाही, एवढंच मी ऐकलं आणि पदर खोचला. कारण विचारायचंही सुचलं नाही. तासाभरात मी पोरीला घेऊन सरांच्या खोलीत होते.

"गरिबाची पोर दिसली की नियम आठवतात ना तुम्हाला? पुस्तकं तीन, समुपदेशकाची नुसती पाटी, आणि सही मात्र वेळेवर हवी? उद्या शंभर बाया आणून बसवते तुमच्या दारात!"

सरांनी मला खुर्ची दिली. मी बसले नाही. त्यांनी चार कागद माझ्याकडे सरकवले आणि समजावून सांगितलं, जसं पहिल्या वर्षाच्या पोराला सांगतात तसं. शेवटी म्हणाले, "पुस्तकांचं तुमचं बरोबर आहे, मी भांडतोय त्यासाठी. पण बाई, ही चार माणसं या जगात नाहीत. जो माणूस नव्हताच, त्याची ही साक्ष आहे."

मी खुर्ची ओढून बसले. खोट्या साक्षीवर मी स्वतः अकरा दिवस कोठडीत काढलेत. ज्या माणसाने मला मोर्चात दगड मारताना 'पाहिलं', तो त्या दिवशी गावातच नव्हता.

मामा दाराशी उभे होते. आत आले, कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. "सर, कागदावर लिहून देतो. पोरीने मागितलं नव्हतं, मी म्हटलं. माझी अक्कल गहाण पडली. शिक्षा मला द्या."

"मामा, अकरा महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला."

"म्हणूनच. जाताना खोटं कपाटात ठेवून जायचं नाही."

सरांनी किल्ली उचलली. मग पोरीला म्हणाले, "हे चार कागद रद्द. उद्या सकाळी चार नवी माणसं, माझ्यासमोर. परवा बाराला जर्नल." आणि किल्ली खणात टाकली. मला वाटलं, परत देतील. दिली नाही. त्या वेळी मला त्यांचा संताप आला. आजही थोडा येतो. पण ते चुकले, असं म्हणवत नाही.

जिन्यात मी पोरीला झापलं. "चार माणसं मिळाली नाहीत, तर मला सांगायचं होतंस!"

ती पहिल्यांदाच माझ्याकडे डोळे वर करून बोलली. "सगळ्यात आधी तुमच्याच दारात आले होते, ताई."

मी तिथूनच कामाला लागले. रात्रीच्या आत चार माणसं ठरवली. मी, कॉलेजचा दारवान, कॅन्टीनमध्ये कपबशा विसळणारी बाई आणि चौथी शिंपीण. शिंपिणीला मी मशीनवरून उठवली. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांचं मी बघते. तू पेन्सिल धर."

गुरुवारी सकाळी आरसा लागला. सर कोपऱ्यात बसलेले. मामांना आत यायची परवानगी नव्हती. ते बाहेर व्हरांड्यात उभे, जिथे एकोणिसाव्या वर्षी झाडू घेऊन उभे असत तिथेच. पोरीने सूचना वाचल्या. सावकाश. मग विचारलं, "समजलं का, ताई?" बाहेरून खोकल्याचा आवाज आला.

पहिल्या फेरीत माझी पेन्सिल वर न्यायची तर खाली जाई. सहा मिनिटं चाळीस सेकंद, एकाहत्तर चुका. कागद फाटला. मी शिवी हासडली. सरांनी ऐकली नाही असं दाखवलं. आणि आयुष्यभर सुईत दोरा ओवणारी शिंपीण तर पहिल्या कोपऱ्यावरच अडली. "अगं, हा हात माझा नव्हे!" असं तिने लेकीला सांगितलं, आणि लेक घड्याळ बघता बघता हसली. त्या आठवड्यातलं पहिलं हसू. दहाव्या फेरीला शिंपीण दीड मिनिटावर आली होती. उठली तेव्हा तिने लेकीच्या वहीवरून एकदा हात फिरवला, कापडावरून फिरवतात तसा.

शुक्रवारी पावणेबाराला सही झाली.

मामांना खाली फाटकाजवळच्या टेबलावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला. अकरा महिने ते तिथेच होते. पोरगी जर्नल घेऊन आधी त्यांच्याकडे गेली, मी मागे. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पानं उलटली. प्रत्येक आलेखाच्या रेघेवरून ते वाकडं बोट वरून खाली नेत गेले. माझ्या पानाशी थांबले.

"एकाहत्तर चुका कुणाच्या?"

पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"रागात पेन्सिल दाबलीत, ताई," मामा म्हणाले. "पण उतार चांगला आहे."

मग वही बंद केली, दोन्ही हातांनी तिला परत दिली आणि फाटकातून कुणी आलं म्हणून रजिस्टर पुढे ओढलं.

पुढच्या वर्षी त्या विभागातली दोन अनोळखी पोरं आमच्या गल्लीत दारोदार फिरताना दिसली. हातात झाकलेला आरसा. मी बाहेर खुर्ची टाकली आणि शेजारणीला हाक मारली, "ये गं, बस. डोकं नाही तपासत कुणी."