पात्याचा मुहूर्त

पणदऱ्याच्या आमच्या मळ्यात लसूणघास मातलेला, आणि कापायला माणसं मिळायची मारामार. ट्रॅक्टर होता, पण जुनाट. त्याचा हायड्रॉलिक मागचा नांगर उचलायचा, बस्स. घास कापायचं लांब पातं कडेला बसायचं. बांध किंवा पाट आडवा आला की ते उचलायला निराळा जोर हवा. बारामतीच्या एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रींनी तो जोर आणून दिला. लष्करी भंगारातला पंप, एक सिलिंडर, तेलाची वेगळी टाकी. पंधरा दिवस राबले. "ह्ये चाललं तर पार इंदापूरपतुर कामं मिळतील मला," म्हणायचे.

मी पडलो हौशी! चालू करायच्या दिवशी अख्खा गाव गोळा केला. मिस्त्री टाकीचं झाकण काढून तेल बघत होते. मी नारळ उचलला तसे ते म्हणाले, "राव, जरा दम धरा..." मला वाटलं, यांना आमच्या पूजेचं काय! "मुहूर्त टळतोय, गप ऱ्हावा," म्हणून मी नव्या टाकीच्याच कडेवर नारळ फोडला.

पातं दोनदा झकास उचललं. तिसऱ्यांदा पाट आला, मी दांडा ओढला, तर ते जागचं हलेना. थेट बांधात घुसून मोडलं. लोक फिदीफिदी हसले आणि माझं डोकंच फिरलं. ज्यांना पंधरा दिवस अहोजाहो केलं, त्यांच्या अंगावर ओरडलो, "भंगार बसवून फसवलंस मला! चोर हायस तू, चोर!"

मिस्त्रींनी हत्यारं गोळा केली आणि चालत निघाले.

आठ-दहा दिवसांनी मी टाकीचं खालचं बूच उघडलं. आधी गढूळ पाणी आलं, मग ताकासारखं पांढरं तेल. पंपाच्या तोंडाची जाळी नारळाच्या शेंडीनं आणि करवंटीच्या कपच्यांनी बुजलेली. अरे देवा, काय करून बसलो हे!

तसाच बारामतीला गेलो. मिस्त्री सायकलचं पंक्चर काढत होते. कन्हेरीचा आणि इंदापूरचा असे दोन ट्रॅक्टरवाले ठरलेलं काम मोडून गेले होते. चोराच्या हाती ट्रॅक्टर कोण देणार?

"तुम्हांला तेव्हाच कळलं होतं?" मी विचारलं.

"व्हय. झाकण उघडं हाय, येवढंच सांगत हुतो."

"मग नंतर तरी बोलायचं!"

"काय बोलू, राव? तुमच्या पूजेच्या नारळानं घात केला म्हनून? माझ्या तोंडून कुनी ऐकलं असतं?"

मी हात जोडले, माफी मागितली. त्यांनी माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. "एकटंच आलाव?"

"व्हय."

"चोर म्हनलासा तवा समदं गाव हुतं," म्हणाले आणि पुन्हा चाकाकडं वळले.

लिहितानाही लाज वाटते. परतल्यावर गावात कुणीतरी हसत विचारलं, "काय म्हनतुया तुमचा चोर मिस्त्री?" मी नुसता हसलो आणि घरी गेलो.