शेवटच्या दोन जागा

कीटकनाशकाचा उग्र वास आला की मला शिरूरमधला तो इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास आठवतो, कारण तो शेतीच्या औषधांच्या दुकानावरच भरायचा. जिन्यात ‘शेवटच्या दोन जागा’ अशी पाटी होती आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ती काही हलली नाही. भर मे महिन्यात टाय लावून घामानं निथळणाऱ्या त्या मास्तरानं एकदा फळ्यावर ‘डेस्परेट’ लिहिलं. “म्हणजे अगतिक. हा शब्द स्वतःसाठी कधी वापरायचा नाही, लायकी दिसते. दुसऱ्यासाठी वापरायचा.” एवढंच त्याचं ज्ञान. रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर असलेल्या एक बाई पहिली पाळी करून थेट क्लासला यायच्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “आय ॲम डेस्परेट फॉर परमनंट जॉब.” मास्तर फिदीफिदी हसला. “मावशी, भीक मागताय का?” बाई बसल्या नाहीत. “मंग दुसऱ्याचं सांगते. सर इज डेस्परेट फॉर ॲडमिशन.” मास्तराचा चेहरा पडला. “चूक. बसा खाली.” “काय चुकलं, त्ये तरी सांगा की,” बाई म्हणाल्या. त्यानं फळा पुसला. दुसऱ्या दिवसापासून बाई आल्या नाहीत. वाक्य बरोबर आहे हे मला कळत होतं, पण मी वहीत डोकं घालून बसलो. असल्या माणसाकडून मी काडीचंही शिकलो नाही, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. आता कारखान्यात माणसं निवडायचं काम माझ्याकडे आहे. परवा मुलाखतीत एक जण म्हणाला, “सर, आय ॲम डेस्परेट.” मी त्याच्या नावापुढे फुली मारली.