आत्याच्या चार ओळी

आमच्या पाच जणांच्या बेंजो पार्टीला रोडपालीच्या पलीकडं कुणी विचारत नव्हतं. मग आमचं एक गाणं आलं आणि मोबाईलवरच्या मराठी गाण्यांच्या यादीत पंधरा दिवस एक नंबरला बसलं. मोरा बंदरापासून आपटा गावापर्यंत एकही हळद त्याच्याशिवाय होईना. डोक्यात हवा जायला एवढं पुरतं. माझ्या तर जरा जास्तच गेली.

गाण्यात आमचं असं फार काही नव्हतं. जीव होता तो सुरुवातीच्या चार ओळींत, आणि त्या माझ्या आत्याच्या. आत्या धवलारीण, म्हणजे आमच्याकडं हळदीला धवले गाणारी बाई. ती आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. ज्याला बोलावलं त्याच्यासाठी पाट मांडायचा, त्यावर हळद-तांदूळ ठेवायचे, मगच पुढचं गाणं. माझ्या धाकट्या भावाच्या हळदीला तिनं स्वतःच्या मुलीला बोलावलं. ती पोर लग्न ठरलेलं असताना तापानं गेली होती. आत्याचा आवाज असा लागला की मी मोबाईल काढून रेकॉर्ड करून घेतला. पुढं त्याच ओळींखाली आम्ही ढोल टाकला. तिला विचारलं नाही. घरचीच बाई, तिला काय विचारायचं! गाण्याखाली ‘पारंपरिक’ लिहून मोकळे झालो.

लोकांना वाटायचं, नवरीलाच मांडवात बोलावतायत. नेमका तिथंच ढोल सुरू व्हायचा आणि शिट्ट्या पडायच्या.

आत्यानं ते शेजारच्या मांडवातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसली.

“काढून टाक ते,” म्हणाली. “तुमी तिला बोलावता नि पाट कोनी मांडत नाय. पोर येते नि दारातून परत जाते.”

“काढतो, आत्या,” मी म्हटलं. गाणं तेव्हा तीन नंबरला होतं. एक नंबर होऊ दे, मग बघू, असं मनात होतं. मग गाण्यांच्या एका कंपनीनं ते विकत घेतलं आणि काढणं माझ्या हातात राहिलं नाही. खरं सांगायचं तर हातात असतं तरी मी काढलं नसतं. त्याची मला लाज वाटते.

लग्नसराईत आत्या दारं-खिडक्या लावून घ्यायची. तरी ऐकू यायचंच. मग गुडघ्यांवर हात देऊन उठायची आणि पाट मांडायची. एका संध्याकाळी खिडकीच्या फटीतून मी तिला चारदा उठताना पाहिलं. आत न जाता तसाच परत फिरलो.

यंदा माझ्या मुलीची हळद होती. माझे वडील, आत्याचे सख्खे भाऊ, गेल्याच वर्षी गेले. धवले म्हणून त्यांना बोलावणारं आता गावात तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मी तिच्या पाया पडलो, धवले तूच म्हणायचे म्हणून गळ घातली.

ती रागावली नाही.

“माजा आवाज तुज्याकडं हाय,” म्हणाली. “त्यात तुजा बापूस नाय, त्याला मी काय करू? लाव तोच.”

हळद झाली. वडिलांसाठी मी पाट मांडून ठेवला होता. त्यांना कुणी बोलावलं नाही.