कातळावरच्या टाचा
पाचूबंदरला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की मला तुंगारेश्वरचा तो कातळ आठवतो. कातळ चढायच्या शिबिरात पोटऱ्या मजबूत करण्यावर प्रशिक्षकांनी तासभर व्याख्यान दिलं होतं. मी वही भरली, व्यायाम केला नाही. कातळाच्या मध्यावर, बोटभर खाचेत चवड्यांवर उभा असताना पोटऱ्या लटलट कापू लागल्या. वर जाता येईना, दोर असूनही हात सोडायचा धीर होईना. प्रशिक्षक खालून स्नायूंची नावं सांगत होते. लहानपणापासून बंदरावरच्या चिखलातून मासळीच्या पाट्या वाहणारी मैत्रीण शेजारच्या दोरावरून ओरडली, “मेल्या, टाचा खाली सोड! चिखलात चवड्यावर कोन चालतं? पाटीसकट पडशील!” टाचा सोडल्या, थरथर थांबली, वर पोचलो. हल्ली रोज जिन्याच्या पायरीवर टाचा वरखाली करतो. शेजारी विचारतात, “गुडघे दुखतात का?” कातळावरची फजिती सांगण्यापेक्षा मी हो म्हणतो.