सत्तर किलोची स्टिक

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. वय चोपन्न. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी त्यांनी कमरेत सैल करून दिल्या होत्या, पण कोणाची किती, हे कधी तोंडातून काढलं नाही. स्वतःच्या कमरेबाबतही त्यांचं हेच धोरण होतं.

त्यांचा मेहुणा पन्नाशीपुढच्यांच्या संघात बर्फावरची हॉकी खेळायचा, गोलकीपर होता. एक गडी कमी पडला तेव्हा त्याने मास्तरांना गळ घातली. "भाऊजी, लहानपणी स्केटिंग करायचात ना? मग झालं तर!"

मास्तर बायकोला घेऊन स्टिक आणायला गेले. दुकानातल्या ताईंनी त्यांना बूट काढून उभं केलं आणि शेजारी स्टिक धरली. ती नाकाला लागली.

"लांबी बरोबर आहे. स्केट घातले की तुम्ही उंच व्हाल, मग ती हनुवटीपर्यंत येईल. आता फ्लेक्स बघू. म्हणजे दाबल्यावर स्टिक किती वाकते ते. आकडा लहान तर स्टिक मऊ. वजनदार माणसाला कडक लागते. तुमचं वजन किती?"

"सत्तर," मास्तर म्हणाले.

"कुठल्या साली?" बायकोने विचारलं.

"सत्तर," मास्तर पुन्हा म्हणाले, या वेळी पोट आत घेऊन.

ताईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पंचाहत्तर आकड्याची स्टिक दिली.

पहिल्याच दिवशी फटका मारायला मास्तरांनी अंगाचा सगळा भार स्टिकवर टाकला. स्टिक वाकली, आणि वाकतच गेली. काळी रबरी चकती जागची हलली नाही. मास्तर मात्र तिच्यावरून पुढे गेले आणि बसल्या बसल्या थेट कडेच्या फळीला जाऊन भिडले.

"भाऊजी, चकती मागे राहिली!" मेहुणा गोलमधून ओरडला.

घरी येऊन मास्तरांनी निदान केलं: कापड लांब झालं की लोंबतं, तसंच हे. त्यांनी करवत काढली.

"अहो, दुकानात विचारा तरी."

"तीस वर्षं कापतोय मी!"

"कापड!" बायको म्हणाली. तोवर वरचा सहा बोटांचा तुकडा फरशीवर पडला होता.

आखूड केली की स्टिक कडक होते, त्यामुळे एवढं तरी साधलं. पण आता ती गळ्याच्याही खाली राहिली. मास्तर तासभर ओणव्याने बर्फावर फिरत होते. समोरच्या संघातल्या एकाने थांबून काळजीने विचारलं, "काही हरवलंय का?" संध्याकाळी बायकोने दार उघडलं तेव्हा तिला आधी त्यांचं टक्कलच दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना दुकानात नेलं. ताईंनी ती कापलेली स्टिक गुडघ्यापाशी दाबून पाहिली. "काका, ही आता ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या माणसाची झाली. तुम्हाला फारच कडक जात असेल."

"छे, जरा मऊच पडते," मास्तर बोलून गेले.

बायको छताकडे बघत राहिली.

"ब्याण्णव," मास्तर पुटपुटले.

"काय?" ताईंनी विचारलं.

"ब्याण्णव!" ते असे काही ओरडले, की पलीकडे हातमोजे बघत असलेल्या दोघांनी माना वळवल्या. एकाने नकळत स्वतःचं पोट आत घेतलं.

ताईंनी शंभर आकड्याची, पुऱ्या लांबीची स्टिक काढून दिली.

रविवारच्या सामन्यात मास्तरांनी तिच्यावर ब्याण्णवच्या ब्याण्णव किलो टाकले. स्टिक हवी तेवढीच वाकली, सपकन सरळ झाली आणि चकती सणसणत गोलमध्ये गेली. मास्तरांनी दोन्ही हात वर केले. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे त्यांच्या साफ ध्यानातून गेलं होतं. गोलमध्ये मेहुणा उभा होता.

तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"भाऊजी, एक सांगू का? फटका मला दिसलासुद्धा नाही."

मास्तरांनी फोन बायकोच्या कानाला लावला आणि म्हणाले, "हं, पुन्हा एकदा सांग."